उन्हाची बाजू

"वाऱ्यानं ती कडी लागत न्हाई, जयसिंगराव. मीच बसवल्याली हाय ती."

चांदसाहेब म्हणाले आणि बशीतला चहा फुंकत राहिले. मिरजेच्या दवाखान्यासमोरच्या टपरीवर सकाळची गर्दी होती. कुणी डबा घेऊन आलेलं, कुणाच्या काखेत एक्स-रेचं पाकीट, कर्नाटकातून आलेली एक म्हातारी बाकावर पाय वर घेऊन बसलेली. या सगळ्या माणसांत जयसिंगच्या हातातला कप हलला आणि चहा बोटांवर सांडला. चांगलंच भाजलं, पण ओरडायची सोय नव्हती. चांदसाहेब रागावले असते तर बरं झालं असतं, रागावलेल्या माणसाशी भांडता तरी येतं. पण शेजारच्या या म्हाताऱ्यानं सगळं आयुष्य फॅब्रिकेशनच्या धंद्यात काढलेलं, तो गिऱ्हाइकाला समजावून सांगावं तसं सांगत होता. गच्चीच्या दाराची कडी आडवी आहे, आतल्या अंगाला आहे, ती आधी जरा वर उचलावी लागते आणि मग सरकवावी लागते. वारा दार आपटेल, कडी उचलणार नाही. "मला काय इचारायचं न्हाई," बशी खाली ठेवत ते म्हणाले, "पन काल शालनताई वहिनींस्नी जे बोलल्या, ते मला ऐकवलं न्हाई. त्या बाईच्या डोस्क्यावर घालू नगासा." रुमालानं तोंड पुसून ते दवाखान्याच्या फाटकातून आत गेले, नानासोंना बघायला.

जयसिंग तिथंच राहिला. सबंध नोकरी पाटबंधारे खात्यात काढलेला, पन्नाशी ओलांडलेला, विश्रामबागेत स्वतःचं दुमजली घर बांधलेला, चार माणसांत शब्दाला वजन असलेला हा गृहस्थ परवा दुपारपासून एकच वाक्य वापरून जगत होता. वाऱ्यानं दार लागलं. पहिल्यांदा ते ॲम्ब्युलन्समध्ये बाहेर पडलं, तेव्हा कुणी विचारलंही नव्हतं. मग ते डॉक्टरांना सांगितलं, मग साताऱ्याहून रडत फोन करणाऱ्या थोरल्या बहिणीला, शालनताईला, मग वैजयंताला. स्वतःच्या बायकोला! दरवेळी वाक्य जरा गुळगुळीत होत गेलं, त्याला फांद्या फुटल्या. वावटळ सुटली होती, टाकीचं झाकणसुद्धा उडालं, दार धाडकन आपटलं. काल संध्याकाळपर्यंत तर त्याला ती वावटळ डोळ्यांपुढं दिसायला लागली होती, धूळ आणि पाचोळ्यासकट. माणूस स्वतःलाही किती मन लावून फसवतो! परवा सांगलीत झाडाचं पानसुद्धा हललेलं नव्हतं. मे महिन्यातलं ते ऊन, रस्त्यावरचं डांबर पायाला चिकटत होतं, आणि त्या उन्हात आबा भर दुपारी गच्चीवर होते, दाराच्या पलीकडं. आणि अलीकडची कडी ह्याच हातानं उचलली होती. त्यानं हात पाहिला. भाजलेली बोटं लाल झाली होती.

आबा म्हणजे नानासो, जयसिंगचे वडील. कवठे महांकाळच्या पुढचं त्यांचं गाव, जिथं विहिरीला पाणी लागलं तर नारळ फोडायचे. त्या गावचा हा माणूस नोकरी करायला गेला तो थेट समुद्राच्या पोटात. गावात घरटी एक जवान, पण सगळे पायदळात. पेन्शनीत आले की वडाखाली बसून बर्फाच्या, खंदकांच्या गोष्टी सांगायचे आणि लोक माना डोलवायचे. नानासोंनी पाणबुडीचं तोंड उघडलं की हशा. "बोट आपनच बुडवायची? आन परत वर काढायची? कशाला ह्यो उद्योग, गड्या?" नानासो आधी चिडायचे, मग समजावायला बसायचे, आणि समजावायला बसले की वडाखालचे एकेक उठून जायचे. एकाहत्तरच्या लढाईत ते वयानं पोरगेलेच, बोटीच्या माथ्यावर उभं राहून आभाळ बघणारे लुकआऊट. दिवसा पाणबुडीनं पाण्याखालीच राहायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं, ते म्हणायचे. पण कधी बॅटऱ्या उतरलेल्या असतात, कधी ठरल्या जागी वेळेत पोचायचं असतं आणि पाण्याखालून बोट बैलगाडीच्या चालीनं जाते. मग नाइलाजानं भर उजेडात वर यायचं आणि वरून पळायचं. "तीच येळ वाईट. रातचं आपण कुणाला दिसत न्हाई. पान्याखाली दिसत न्हाई. दिवसा वर आलं की आख्ख्या आभाळाला दिसतो."

त्या वाईट वेळेचे नियम जयसिंगला पाढ्यांच्या आधी पाठ झाले. माथ्यावर माणसं मोजकी ठेवायची, जेवढी पटकन खाली उतरू शकतील तेवढीच. पाय ठेवायच्या जागेवर कप नको, टोपी नको, काही नको. आभाळाच्या वाटण्या करायच्या आणि ज्यानं त्यानं आपलीच बाजू बघायची. दुसऱ्याच्या बाजूला आरडाओरडा झाला तरी मान वळवायची नाही. आधी पाण्याची कड बघायची, मग हळूहळू वर, मग ढगांच्या किनारी. बोट वेगात असली की मागं पाण्यावर पांढरा पट्टा उठतो, विमानवाल्याला बोटीआधी तो पट्टा दिसतो, म्हणून समुद्र शांत असला की वेग आवरायचा. काही दिसलं की ओरडायचं. आपलं विमान आहे का परक्याचं, का नुसती घार आहे, हे ओळखत बसायचं नाही. "वरनं त्याला बी आपण आपलं का परकं कळत न्हाई. मग आपण कशाला त्याची वळख काढत बसायची?" ओरडलं की सगळे खाली, शेवटचा माणूस झाकण ओढून घेतो, बोट पाण्यात जाते. आणि खाली गेल्यावर सरळ जायचं नाही, वळायचं. बुडाल्या जागी पाण्यावर भोवरा राहतो आणि बाँब तिथंच पडतो. फक्त एका वेळेला बुडी मारायची नाही, विमान अगदी डोक्यावर आलेलं असलं तर. अर्धी वर अर्धी खाली अशी बोट म्हणजे आयतं मरण.

सुट्टीवर आले की आबा संध्याकाळी मुलांना घराच्या धाब्यावर, मातीच्या छतावर घेऊन जायचे आणि आभाळ वाटून द्यायचे. शालनताईला उगवती, आईला मस्करीनं दंडोबाच्या डोंगराकडची बाजू, आणि जयसिंगला मावळती, उन्हाची बाजू. सूर्यावर अंगठा धरायचा आणि अंगठ्याच्या कडेनं बघायचं, कारण विमान येतं ते उन्हातूनच येतं. जयसिंगच्या डोळ्यांना पाणी यायचं, डोकं दुखायचं. ताईला सावलीची बाजू आणि मला ऊन, असं म्हणून तो रुसायचा. विमान म्हणावं तर वर्षातून कधी एखादी पांढरी रेघ दिसायची, एरवी घारी. आबा मात्र घारीलाही शाबासकी द्यायचे. उन्हाची बाजू सगळ्यात भरवशाच्या माणसाला देतात, हे कुणी त्याला सांगितलं नाही. कॉलेजात असताना कुठल्याशा मासिकात त्यानं ते वाचलं, आणि तेव्हा त्याला आबांची आठवण येऊन कसंतरीच झालं होतं. घरी गेल्यावर आबांना विचारू, असं ठरवलं होतं. विचारलं नाही. आता टपरीच्या बाकावर बसल्या बसल्या त्याला सगळ्यात जास्त राग आला तो याचाच. विचारायला काय गेलं असतं?

पण हे सगळं आठवणं म्हणजे सुद्धा पळणंच होतं, हे त्याला कळत होतं. लहानपणचे आबा आठवले की माणूस हळवा होतो, आणि हळव्या माणसाला कोण दोष देतं? खरे आबा गेल्या दोन वर्षांतले होते. आई गेल्यावर गावाकडून सांगलीला आणले तेव्हा ते नुसते विसराळू होते. मग टीव्हीवर लढाईच्या बातम्या सुरू झाल्या, भोंगे, ड्रोन, आरडाओरडा, आणि एका सकाळी आबा गच्चीवर जाऊन उभे राहिले. टाकीला पाठ टेकून, दोन्ही हातांच्या मुठी डोळ्यांना लावून. ड्युटी सुरू झाली. लढाईच्या बातम्या संपल्या, आबांची ड्युटी संपली नाही. जेवायला बोलावलं तर म्हणायचे, बदली माणूस येऊ दे. चांदसाहेब शेजारच्या गच्चीवरून "मी आलो, नानासो, तुमी जावा," असं म्हणायचे तेव्हा कुठं खाली यायचे. चांदसाहेबांना हे जमत होतं, पोटच्या पोराला जमत नव्हतं. जयसिंग जिन्यातून ओरडायचा, "आबा, लोक हसायल्यात!" खरं तर कुणी फारसं हसत नव्हतं. त्याला एकट्यालाच लाज वाटत होती.

आणि मग थोरल्या दिवाळीनंतर विट्याचे पाहुणे जयसिंगच्या मुलीला, अंकिताला बघायला आले. मुलाकडची सहा माणसं सोफ्यावर बसलेली, अंकिता पोह्यांचा ट्रे घेऊन आलेली, तेवढ्यात बाहेरच्या मंगल कार्यालयातल्या लग्नाचा ड्रोन घुंई करत खिडकीवरून गेला. आबा जिन्यातून खाली धावत आले. "खाली! खाली! समदी खाली!" म्हणत त्यांनी मुलाच्या आईला खांद्याला धरून सोफ्यावरून ओढलं. बाई पडल्या. पोहे पडले. पाहुणे उठले, आणि "कळवतो" म्हणून गेले ते गेलेच. त्या संध्याकाळी जयसिंग आबांवर ओरडला नाही. अंकिताच रडत रडत आबांच्या शर्टावरचे पोहे झाडत होती आणि आबा तिला विचारत होते, "समदी उतरली का? कोन वर ऱ्हायलं न्हाई न्हवं?" जयसिंग बाहेर जाऊन गाडीत बसून राहिला आणि मनात एक वाक्य आलं. ते त्यानं कुणालाही सांगितलं नाही आणि आताही तो ते स्वतःशी पुरतं उच्चारत नव्हता. ते वाक्य म्हातारा कधी जाणार असं होतं.

परवाचे पाहुणे इस्लामपूरचे. मुलगा चांगला, घर चांगलं, अंकितालाही फोटो बघून पसंत. या वेळी जयसिंगनं सगळी आखणी केली होती. आबांना सकाळीच चांदसाहेबांकडं नेऊन बसवायचं, तिथं चांदसाहेबांची बायको रहिमतबी आबांना आवडतं तसं शेवयांचं गोड करणार, पाहुणे गेले की परत आणायचं. चांदसाहेब वाट बघत होते. पण आबा गच्चीवरून हलेनात. "वॉच सुटला न्हाई माजा, पहारा हाय." जयसिंगनं समजावलं, हात धरला, ओढला. आबांनी टाकीचा पाइप धरून ठेवला. त्या हाताला अजून काय जोर! तेवढ्यात खाली गाडीचा हॉर्न वाजला, पाहुणे ठरल्यापेक्षा लवकर आले होते, वैजयंता जिन्यातून दबक्या आवाजात विचारत होती, "आवं, आबांस्नी सोडून आलासा न्हवं?" आणि जयसिंग "व्हय व्हय, सोडलं," म्हणत दोन पायऱ्या उतरला, परत वर चढला, दार ओढलं, कडी जरा वर उचलली आणि सरकवली. तेलपाणी केलेली कडी होती, आवाजसुद्धा झाला नाही. घटकाभराचा प्रश्न आहे, असं तो मनात म्हणाला. हे मात्र खरंच म्हणाला होता.

पाहुण्यांची बैठक फार छान झाली. हेच तर वाईट. मुलाचे वडील गप्पिष्ट, कारखान्याच्या, उसाच्या, पावसाच्या गोष्टी निघाल्या, मुलाच्या आईनं अंकिताला जवळ बसवून घेतलं. जयसिंगचा एक कान वर होता. आता दार वाजेल, आता वाजेल. वाजलं की काय सांगायचं तेही त्यानं मनात जुळवून ठेवलं, सुतारकाम चाललंय म्हणून. दार वाजलं नाही. आणि मग मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, "आजोबा दिसत न्हाईत? मिलिट्रीतलं हायत म्हणं. भेटायची लय इच्छा हाय." जयसिंगच्या तोंडून तत्क्षणी निघालं, "गावाकडं गेल्यात. जत्रा हाय." वैजयंतानं त्याच्याकडं पाहिलं. तिला वाटलं, शेजारी बसवलंय म्हणण्यापेक्षा हे शोभतं म्हणून नवरा असं म्हणाला असेल. पण त्या एका थापेनं दार खरं बंद झालं. गावाला गेलेला म्हातारा आता गच्चीवरून कसा उतरवायचा? पाहुणे जेवायलाच थांबा म्हटल्यावर थांबले. पुरणपोळी झाली, विडे झाले. ऊन डोक्यावरून कलंडायला लागलं. जयसिंग हसत होता, आग्रह करत होता, आणि दार वाजत नव्हतं.

आणि ते वाजणार नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं.

इथं येऊन त्याचं मन दरवेळी बुजायचं, परत मागं वळायचं. आज चांदसाहेबांनी धरून उभं केलं होतं, पळायला जागा नव्हती. आबांची एक गोष्ट होती, सुट्टीत हमखास सांगायचे ती. सरावाची बुडी चालली होती. पुढच्या बाजूला कुणी ओरडलं आणि आबांनी आपली बाजू सोडून तिकडं मान वळवली, नियम मोडला. तेवढ्या वेळात बाकीचे खाली उतरले, झाकण बंद झालं, आबा वरच राहिले. बोट पाण्यात जायला लागली. पाणी पोटऱ्यांना लागलं, कमरेला लागलं. खाली माणूस कमी भरल्याचं लक्षात आलं आणि बोट परत वर घेतली. साहेबानं विचारलं, अरे, झाकण का वाजवलं नाहीस? आबा म्हणाले, "साहेब, खाली मानसं व्हती." वर राहिलेल्यानं झाकण वाजवायचं नसतं. खरंच वर विमान असलं आणि एकासाठी झाकण उघडलं तर सगळे जातात. ही गोष्ट ऐकून पोरं हसायची, कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहिलेल्या आबांची नक्कल करायची. आई मात्र कधी हसली नाही, ती उठून चुलीकडं जायची. ही गोष्ट जयसिंगनं शंभरदा ऐकली होती. बंद दारापलीकडं हा माणूस गप्प बसणार, हाक मारणार नाही, हे जगात कुणाला माहीत असेल तर ते त्यालाच. मग तो कान लावून कशाची वाट बघत होता? वाट बघतोय असं स्वतःला दाखवत होता, दुसरं काय! आबांच्या गप्प बसण्याच्या जोरावर त्यानं पाहुण्यांना तिसरी पोळी वाढली होती.

पाहुण्यांची गाडी वळणावर गेली तरी तो फाटकात उभा होता. वर जायला पाय उचलत नव्हते. आबा आले नाहीत म्हणजे घरातच बसवले असतील, असं चांदसाहेबांनी धरलं होतं. तेवढ्यात ते दुपारची नमाज करून आपल्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेले, आणि त्यांना टाकीच्या भिंतीशी बसलेले नानासो दिसले. हाक मारली, उत्तर नाही. ते जिना उतरून, मधला बोळ ओलांडून, जयसिंगला हातानं बाजूला सारून वर धावले. सत्तरी पार केलेला माणूस! कडी त्यांनीच काढली. आबा उन्हाकडं तोंड करून बसले होते. त्यांच्या मागं हातभर अंतरावर टाकीची सावली होती, तिथं सरकून बसले असते तरी भागलं असतं. अंग तव्यासारखं तापलेलं, ओठ फुटलेले, डोळे अर्धे उघडे. चांदसाहेबांनी पाणी मागितलं म्हणून वैजयंता बादली घेऊन वर आली आणि तिथं तिला सासरे दिसले. ती नवऱ्याकडं बघत राहिली. तेव्हाच खरं तर सांगायचं होतं.

सांगितलं नाही, आणि काल साताऱ्याहून शालनताई आली. ती बापाला बघून जी रडली ती वॉर्डभर ऐकू गेली, आणि रडणं थांबल्यावर तिला कुणावर तरी तुटून पडायचं होतं. "घरात बाईमानूस असून म्हातारं उन्हात करपतंय आन हिला पत्ता न्हाई! पोळ्या लाटत बसली व्हतीस? तुजा बाप असता तर?" वैजयंतानं मान वर केली नाही. ती एवढंच म्हणाली, "चुकलं माजं, ताई. बघाय पायजे व्हतं." तिला एक वाक्य पुरलं असतं, ह्यांनीच मला सांगितलं शेजारी सोडलं म्हणून. ती ते बोलली नाही. का नाही बोलली? तिला कळलं होतं की काय? जयसिंग भिंतीशी उभा होता, औषधाची चिठ्ठी वाचत. एका बाजूनं बहीण तोडत होती, दुसऱ्या बाजूनं बायको सोसत होती, आणि हा शहाणा गोळ्यांची नावं वाचत होता. थू तुझ्या जिंदगानीवर, असं त्यानं आज स्वतःला म्हटलं. टपरीवाल्यानं "काय म्हणलासा?" विचारलं तेव्हा कळलं की ते तोंडातून बाहेर पडलंय.

तो उठला आणि दवाखान्याचा जिना चढला. आबांना सकाळीच आयसीयूतून बाहेरच्या खोलीत आणलं होतं. डॉक्टर म्हणत होते शुद्धीवर आहेत, पण किडन्यांचं काही खरं नाही, जे बोलायचंय ते बोलून घ्या. शालनताई चमच्यानं पाणी पाजत होती. वैजयंता पायथ्याशी उभी होती, स्टूल मोकळं होतं तरी उभीच. कालपासून तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. चांदसाहेब खिडकीपाशी होते, त्यांनी जयसिंगकडं पाहिलं आणि नजर बाहेर वळवली.

"आबा, जयसिंग आलाय बघा," शालनताई म्हणाली, आणि तिला राहवलं नाही, वैजयंताकडं बघतच तिनं पुढं विचारलं, "दार वाऱ्यानं लागलं तर हाका का मारल्या न्हाईसा, आबा? कुनीतरी आलं असतं की."

"वाऱ्यानं न्हाई," आबा म्हणाले. आवाज अगदी बारीक, पण स्वच्छ होता. "जयसिंगनं लावलं. मी बगितलं की. फटीतनं त्याचा हात दिसला मला."

 शालनताईच्या हातातला चमचा तसाच राहिला. जयसिंगला वाटलं, झालं, आपण न बोलताच झालं, आणि त्या क्षणी त्याला हलकंसुद्धा वाटलं. पण आबांचं संपलं नव्हतं.

"बरुबर केलं त्यानं. इमान आलं असनार, त्याबिगर लावंल कशाला?" त्यांचे ओठ थरथरायला लागले. "मला दिसलं न्हाई. उन्हाची बाजू माजी व्हती, शालन. मी डोळा हलिवला न्हाई बग, सावलीला बी सरकलो न्हाई. तरी सुटलं माज्या नजरंतनं. खाली समदी मानसं, पोरगी घरात, आन माज्या बाजूचं इमान मला दिसलं न्हाई." म्हातारा रडायला लागला. सुरकुत्यांतून पाणी उशीवर जात होतं आणि ते पुसायला हात उचलत नव्हता. "जयसिंग, चूक माजी हाय बाबा. तू बरुबर केलंस."

चांदसाहेबांनी खिडकीचा गज धरला. जयसिंगला सगळं मिळालं होतं. बापानं, बहिणीच्या देखत, शब्दांत माफ केलं होतं. म्हाताऱ्याच्या डोक्यातलं विमान खरं धरून गप्प बसलं की भागत होतं, शालनताईही भ्रमिष्टाचं बोलणं म्हणून सोडून देणार होती. फक्त मग हा माणूस आपल्या बाजूचं विमान आपल्याला दिसलं नाही असं मानून जाणार होता. सबंध आयुष्यात एकदा मान वळवली म्हणून जो पाण्यात उभा राहिला, त्याला पोरगा शेवटी हे देणार होता! जयसिंग पुढं गेला, पलंगाच्या कडेला गुडघे टेकून बसला आणि आबांचा हात त्यानं आपल्या भाजलेल्या बोटांत धरला.

"इमान न्हवतं, आबा."

"न्हवतं?"

"न्हवतं. आभाळात कायसुदिक न्हवतं. तुमच्या नजरंतनं काय सुटलं न्हाई."

आबा त्याच्याकडं बघत राहिले. रडणं थांबलं. खांद्यावरून काहीतरी उतरवून ठेवल्यागत त्यांनी लांब श्वास सोडला. मग कपाळावर आठी आली. "मग दार का लावलंस रं?"

वैजयंता, शालनताई, चांदसाहेब सगळे तिथंच होते. त्यानं कुणाकडं पाहिलं नाही. "पावनं आलं व्हतं. अंकिताला बगाय. तुमी खाली आलासा तर मागल्यागत व्हईल म्हणून कडी मी घातली. मला तुमची लाज वाटत व्हती, आबा. तुमी गावाकडं गेलाय म्हणून सांगितलं त्यास्नी. वैजयंताला ह्यातलं कायबी म्हाईत न्हवतं. तिला बी मी तुमी चांदसाहेबांकडं हायसा म्हणून सांगितलं. आन तुमी दार वाजिवणार न्हाई, हे मला ठावं व्हतं."

पायथ्याशी स्टूल ओढल्याचा आवाज झाला. वैजयंता बसली होती. शालनताईनं तोंडाला पदर लावला. ती आता बोलेल, ओरडेल, हात उगारेल, म्हणून जयसिंग थांबला, पण ती वैजयंताकडं बघत होती. आबा विचार करत होते. पाहुणे, अंकिता, गाव, सगळं जागच्या जागी लावत होते, आणि ते लागल्यावर त्यांच्या तोंडावर राग आला नाही, ओशाळल्यासारखं काहीतरी आलं.

"आरं मग सांगायचं न्हाई व्हय मला," ते म्हणाले. "चांगला सदरा घालून गप बसलो असतो की कोपऱ्यात."